वाघजाईच्या देवळात दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवीजवळही नाही – तिच्यापुढे तर मी डोळे पटकन मिटून घ्यायचो. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही धड ठाऊक नाही.

मळवलीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी चार बुकं शिकलेला, म्हणून मंगळवारी दिवस कलला की वाघजाईच्या देवळात पोथी मी वाचायचो, अर्थही मीच सांगायचो. देवाच्या दारी लहानथोर कुणी नाही, सगळी त्याची लेकरं – किती वर्षं सांगत होतो! लोक माना डोलवायचे, प्रसाद घ्यायचे आणि घरी जायचे. इनामदारांची वेठ चालूच. भातलावणीला चिखल झाला की पहिले चार दिवस प्रत्येक घराने माणसं-बैलं घेऊन त्यांच्या खाचरात फुकट राबायचं. तोवर आपली रोपं वाफ्यात पिवळी पडायची. मीही राबत होतो. वाचतो काय आणि करतो काय, हे मला कधी दिसलं नाही. दिसलं नाही, की मी बघितलं नाही?

धोंडूने बघितलं. धोंडू वरच्या ठाकरवाडीतला, अक्षरशत्रू. पायरीवर बसून ऐकायचा. एका मंगळवारी तिथूनच म्हणाला, "भाऊ, देवाची समदी लेकरं सारकी, आसं तुमीच वाचलं. मंग आमचं पयलं चार दिस इनामदाराचं का? देवानं दिल्यात का त्येला?"

मग गंगूमावशी खुदकन हसली आणि सगळेच एकदम बोलायला लागले.

महिन्याभरात गावाने आणि वाडीने मिळून देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली – वेठीला जायचं नाही, वेठ उठेपर्यंत इनामदारांच्या लोणावळ्याच्या बंगल्याचं फाटक ओलांडायचं नाही. लावणी इर्जिकीने करायची; आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या. इनामदारांनी गायरान बंद केलं, तरी माणसं हलली नाहीत. वाडीवाले रानातून चारा आणून गावाच्या गोठ्यांत टाकायचे. आणि हे सगळं जमवत दारोदार फिरणारा कोण? धोंडू. कुणाचा बैल आजारी, कुणाच्या घरात हात कमी, सगळं त्याला तोंडपाठ. लोक म्हणायला लागले, "धोंडूला इचारा." पायरीवरून उठवून त्याला आत, माझ्या शेजारी बसवलं. मी स्वतः सरकून जागा दिली – हसत दिली.

काय जळत होतं, सांगू? शब्द माझे होते. माझ्या तोंडून ऐकून लोकांना जांभया यायच्या. त्याने तेच म्हटलं की बाया डोळे पुसायच्या.

मग एकदा मी मीठ-रॉकेलासाठी लोणावळ्याच्या बाजारात गेलो होतो. परतताना इनामदारांच्या बंगल्याच्या मागच्या फाटकातून धोंडू बाहेर पडताना दिसला. अंगावर बहीण रेललेली – हौसा. ती तिथेच राहून भांडी घासायची. तापाने तिला उभं राहवत नव्हतं. मला बघून तो थांबला. "भाऊ, लय तापलीया. घरी न्हेतो." मी म्हटलं, "ने, ने. सांभाळून." दुसरं तिसरं कुणीही तिथे नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा – कुणीही नव्हतं.

पण गावातल्या एकाने लांबून पाहिलं होतं. मंगळवारी त्याने देवळात विषय काढला. फाटक ओलांडलं, शपथ मोडली.

"बहिनीला आनाया गेलतो," धोंडू म्हणाला. "भाऊ व्हते की तितं. भाऊ, सांगा की."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. किती दिवसांनी वळली होती! बरं वाटलं मला. हो, बरं वाटलं – हेच तर सांगायला बसलोय.

मी म्हणालो, "बहीण होती खरी. पण इनामदारांचा कारभारी फाटकापर्यंत सोडायला आला होता. याच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता."

तो हात मी तिथल्या तिथे रचला. मांडीवर पोथी उघडी होती. पोथी वाचणारा खोटं कशाला बोलेल?

धोंडूने माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी वाडीतलं कुणी खाली आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इर्जीक मोडली. हात कमी पडले, रोपं पिवळी पडायला लागली, आणि आठवड्याच्या आत निम्मी घरं वेठीला गेली. मीही गेलो. हौसा त्याच महिन्यात वारली. गावातलं एकही माणूस वर वाडीत गेलं नाही. मी तर नाहीच नाही.

वेठ उठली, पण त्यानंतर सात पावसाळ्यांनी, इनामदारांच्या मुलाने जमीन विकून टाकली तेव्हा. लोकांनी देवळात मला फेटा बांधला. म्हणाले, पहिली ठिणगी भाऊंच्या पोथीची. मी मान पुढे केली.

धोंडू एकदाच भेटला, मळवली स्टेशनात. रेल्वेच्या गँगमध्ये लागला होता. जेवणाची सुट्टी असावी. झाडाखाली दहा-बारा गँगवाले त्याच्याभोवती बसून ऐकत होते. मला बघून उठून आला. "भाऊ, बरं हाय न्हवं?" माझं तांदळाचं पोतं उचलून डब्यात ठेवलं. गाडी थोडा वेळ उभी होती. तेवढ्यात बोलता आलं असतं. मी म्हटलं, "बरं आहे."

तो परत झाडाखाली गेला. खिडकीतून मला दिसत होतं – कुणी भाकरी तोंडाशी नेता नेता थांबलेला, कुणी पुढे सरकलेला, सगळे त्याच्याकडे बघत. गाडी हलली. तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती. हेवा वाटला.