मेंढीच्या चित्राचा डबा

नेई तेबारेला, म्हणजे आमच्या तेबारेबाईला, राबी बेट कधी मानवलंच नाही. नदी आहे, पाऊस आहे, हिरवंगार रान आहे. पण म्हातारी म्हणायची, "पाणी ढीगभर आहे गं, पण माझी पोर तिकडे कोरडी पडलीय." तिची मेलेली लेक रोतिया मागे राहिली होती, आमच्या मूळ बेटावर, बानाबावर, केवड्याच्या झाडाखालच्या मातीत.

आमच्याकडे मेलेलं माणूस अंगणातच पुरायचं. मग काही काळाने कवटी वर काढायची, खोबरेल चोळून घरात ठेवायची आणि आपण खाण्याआधी तिच्यापुढे घास ठेवायचा. पाद्रीबाबा डोळे वटारायचे. वटारू देत, त्यांची लेक थोडीच गेली होती. रोतियाला वर काढायची वेळ आली आणि नेमका गोरा साहेब दुभाष्याला घेऊन अंगणात उभा राहिला. बानाबाच्या मातीचं खत होतं, तेच आमच्या मुळावर आलं.

"ही जमीन साम्राज्याला हवी आहे," साहेब म्हणाला. "दक्षिणेकडे गवत उगवेनासं झालंय. मेंढ्या उपाशी मरतील."

"तुमच्याकडे माती नाही?" तेबारेनं विचारलं.

"आहे, पण कस गेलाय तिचा."

"मग नडलेल्यानं हात पसरून मागावं. सोबत शिपाई कशाला?"

यात तुमचंही भलं आहे, असं वर ऐकवून साहेब मोकळा झाला. मेल्यांना दुसऱ्याचं भलं फार लवकर कळतं. तेबारेनं केवड्याला मिठी मारली. शिपायांनी तिची बोटं सोडवली. शेवटी साहेब म्हणाला, थडगं तेवढं राखू. आमच्यात झाड दुसऱ्याला वापरायला दिलं तरी खालची जमीन आणि तिथले मेलेले आपलेच राहतात. गोऱ्यांतही तसंच असणार, असं धरून ती बाजूला झाली. तिथेच बिचारी फसली; साहेबानं कुंपण घातलं आणि रोतियाला वर काढायचं राहूनच गेलं.

मग लढाई आली. जपान्यांनी आम्हाला बेटावरून हलवलं आणि लढाई संपल्यावर इंग्रजांनी घरी न नेता राबीवर आणून उतरवलं. पुढे तेबारेचा भाचा बिरिबो माती नेणाऱ्या बोटीवर खलाशी झाला. तेबारेनं केवड्याच्या पातीची टोपली विणली, आत मऊ चटई घातली आणि त्याच्या हातात दिली. "बानाबाला उतरलास की बहिणीला घेऊन ये. हळू आण हं, आदळआपट करू नकोस."

बिरिबो परतला तेव्हा टोपली रिकामी होती. दुसऱ्या हातात मावशीसाठी मटणाचा हवाबंद पत्र्याचा डबा होता, वर मेंढीचं चित्र.

"काय रे, कुठाय ती?"

"मावशी, तिथं काही उरलंच नाही. नुसते दगडाचे पांढरे सुळके. सगळी माती खरवडून नेलीय."

"थडग्याचीसुद्धा?"

"सगळी."

"कुठं नेली?"

"न्यूझीलंडला. भुकटी करून डोंगरांवर पसरतात. गवत काय माजलंय तिकडे, मेंढ्या नुसत्या..." बोलता बोलता त्याने जीभ चावली.

तेबारे खाली बसली. डब्यावरच्या मेंढीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण आम्ही सगळ्या बाया रडलो. बिरिबोच्या बायकोला काय सुचावं, तिनं डबा उघडायला सुरी आणली. तेबारेनं डबा ओढून पोटाशी धरला.

"लेकीला कापून खातं का गं कुणी?"

तिनं तो टोपलीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्याला खोबरेल चोळू लागली. म्हातारी खुळावली, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला जीभच रेटेना. ती गेली तेव्हा तो डबा आम्ही तिच्या कुशीत ठेवूनच तिला पुरलं. तोवर एकही सकाळ अशी गेली नाही, की त्या डब्यापुढे घास ठेवल्याशिवाय ती जेवली.

"खा गं बाई," ती म्हणायची. "आधी तू."