चार नंबरच्या खोलीत आम्ही स्वयंपाक केला नाही

या सदरातले अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले आहेत, ते हसण्यासाठी. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाच्या घरी भांडी वाजतात... माझा प्रश्न ठरलेला असतो - खिडकी उघडी होती का, आणि तुम्ही तपासलंत का? बहुतेकांनी तपासलेलं नसतं. मी तपासलं, म्हणून लिहिते आहे. शिवाय मला राग आलेला आहे आणि तो दोन महिन्यांत उतरलेला नाही, हेही एक कारण आहेच.

मी मेधा, वय त्रेपन्न, राहणार किचनर, कॅनडा. एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट्सची वेळापत्रकं सांभाळते. घरीही तेच करते, असं शिरीष म्हणतो. शिरीष म्हणजे माझा नवरा. घरात तिसऱ्या त्याच्या आई. मुलगी सई मॉन्ट्रियलला असते.

आई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना व्हायरल इन्फेक्शन झालं. ताप उतरला, पण वास येणं गेलं ते गेलंच. वास नाही म्हणजे चव नाही. दुसऱ्याच्या आमटीत काय कमी आहे ते पानावर बसायच्या आधी सांगणारी ही बाई, आता चार चमचे खाऊन ताट सरकवायला लागली. म्हणायच्या, भिजवलेला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. एक्कावन्न किलोच्या अडतीस झाल्या. मी फ्रिजवर तक्ता लावला - सकाळी दोन चमचे ओट्स, दुपारी पाव पोळी, रात्री काही नाही. सव्वीस वर्षं त्यांच्यासाठी स्वयंपाक करते आहे, आणि ते 'काही नाही' रोज माझ्याच अक्षरात लिहायचं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑक्टोबरच्या तपासणीत वजन आणखी उतरलेलं दिसलं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. आईंना इंग्रजी येत नाही असा आमचा समज. त्या घरी येऊन म्हणाल्या, "नळी घालायची नाही. त्यापेक्षा मला सोडा."

खरं तर त्या महिन्यात मी आणि शिरीष इटलीला जाणार होतो. पिडमाँटमध्ये द्राक्षमळ्यातला व्हिला, चार दिवस नुसतं बसायचं - तीन वर्षं लांबलेली ट्रिप. ती अर्थातच रद्द केली. सईला वाईट वाटलं, तिने फोनवर सांगितलं, "मम्मा, यू नीड अ ब्रेक. इटली नाही तर इटलीसारखं," आणि आमच्यासाठी बीम्सव्हिलच्या वरच्या उतारावरचा एक व्हिला बुक केला. किचनरहून गाडीने दीड तास. आईंना घेऊनही जाता येतं.

जागा छान होती, हे प्रामाणिकपणे सांगते. मालकाचे आजोबा इटलीहून आलेले. गावाकडच्या घरासारखं पिवळ्या भिंतींचं, कौलारू घर त्यांनी बांधलं. तिथले ते उंच सरळ सायप्रस ओंटारिओच्या थंडीत टिकत नाहीत, म्हणून फाटकापासून दारापर्यंत ज्युनिपरच्या रांगा. द्राक्षं उतरायला आलेली, वेलींवर पक्ष्यांसाठी जाळ्या, आणि दर काही मिनिटांनी पाखरं उडवायच्या तोफेचा धडाम आवाज. खोल्या सहा. आमची चार नंबर, पहिल्या मजल्यावर. खोलीत कॉफीचं यंत्र सोडून तापणारं काहीही नाही.

आता माझी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हिशेब पुरा होणार नाही. सामान भरताना मी दोन याद्या करते - न्यायचं, आणि न्यायचं नाही. दुसऱ्या यादीत हिंग, लसणीची चटणी, लोणचं, मेतकूट. चोवीस वर्षं इथे काढल्यावर ही सवय लागते. फोडणी द्यायची तर आधी कोट कपाटात आणि बेडरूमची दारं बंद. मासे तळायचे ते बेसमेंटमधल्या शेगडीवर. कुणी आपल्याला वासावरून बोलायला नको! निघायच्या सकाळी आईंच्या बॅगेत मला कुळथाच्या पिठाचा डबा सापडला. त्यांच्या भाचीने चिपळूणहून पाठवलेलं पीठ. सोबत लसणाचा गड्डा आणि पुरचुंडीत आमसुलं. तिथे कुणी ढवळून दिलं तर निदान गरम तरी घशाखाली जाईल, असं त्या म्हणाल्या. मी सगळं काढून ओट्यावर ठेवलं. हॉटेल आहे आई, तिथे असलं चालत नाही, असं सांगितलं.

गुरुवारी पोचलो. शुक्रवारी सकाळी मी वेलींमधून फेरी मारून अकरा वाजून दहा मिनिटांनी खोलीत आले. वेळ पक्की आहे, मी चालण्याची नोंद ठेवते. आई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"लसूण जळतोय. गॅस बारीक कर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांत या बाईला उदबत्ती कळली नव्हती, दुधाचं करपणं कळलं नव्हतं. आणि मग मलाही तो वास आला. तेल, हिंग, लाल मिरची, आणि लसूण, कडेने काळा व्हायला लागलेला. अगदी खोलीच्या मधोमध, जणू कढई पलंगावर ठेवली आहे.

शिरीष बाथरूममधून टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि विचारता झाला, "तू पिठलं टाकलंस?" असला बावळट प्रश्न. कशात टाकू, कॉफीच्या यंत्रात?

तेवढ्यात दार वाजलं. दारात मॅनेजर, क्लॉडिया, तिशीतली, गोड बोलणारी. तिने गोड शब्दांतच सांगितलं की शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना स्वयंपाकाचा वास येतोय, आणि खोलीत स्वयंपाक करायला परवानगी नाही. मी म्हटलं, आम्ही करत नाही आहोत. ती म्हणाली, हो, पण वास येतोय. मग परवानगी विचारून ती आत आली, वाकून पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं. हॉटप्लेट शोधत होती! बाकीच्या पाच खोल्यांत ती अशी वाकली नसती, हे तिला माहीत होतं आणि मलाही. वीस मिनिटांनी वास आपोआप गेला. ती जाताना "प्लीज" म्हणून गेली. कशाबद्दल प्लीज?

आणि ती गेल्यावर मी काय केलं? आईंची बॅग पलंगावर उपडी केली. लुगडी, औषधं, मोजे, जपमाळ. काही नव्हतं. आई बघत होत्या.

"तू तर सगळं घरीच काढून ठेवलंस ना?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, आठवण करून दिल्यासारखं. आणि पुढच्याच श्वासाला, "मला भूक लागलीये."

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं नव्हतं. त्यांनी अख्खं केळं खाल्लं, वर वाटीभर दही. संध्याकाळी खालच्या डायनिंग हॉलमध्ये रिझोटो मागवला, तर आई म्हणाल्या, इटालियन लोकांना गुरगुट्या भात बरा जमतो की, फक्त तूप घालायच्या जागी चीज घालतात. अर्धी प्लेट संपवली. मी टेबलाखाली फोनवर नोंद करत होते.

आनंद झालाच. पण संतापही तेवढाच होता. आम्ही न केलेल्या गोष्टीचा आळ मी ऐकून घेणार नव्हते. शनिवारी पावणेअकराला मी शिरीषला सगळं सामान कॉरिडॉरमध्ये न्यायला लावलं आणि क्लॉडियाला वर बोलावलं. न्यायच्या यादीतल्या त्रेचाळीस वस्तू तिच्यासमोर एकेक टिक केल्या. खोलीत उरला पलंग, दोन खुर्च्या आणि आई. कॉफीच्या यंत्राचा प्लगही काढला. मग तिला म्हटलं, बसा. ती घड्याळाकडे बघत बसली, बहुधा मला वेड लागलंय असं समजून.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वास आला.

आधी तापलेल्या तेलाचा. मग मोहरी, हिंग, लसूण. मग मिरची, आणि मिरची अशी की क्लॉडियाला ठसका लागला. खोकता खोकता तिचे डोळे भरून आले, ती उठून भिंतीला टेकली. मीही खोकत होते. वास मनात येतो असं म्हणणाऱ्यांनी तो ठसका समजावून सांगावा.

आई तेवढ्या शांत. नाक किंचित वर करून, समोर कुणी ओट्याशी उभं असावं तसं म्हणाल्या, "मिरची फार झाली. आता पीठ सोड. गुठळी होऊ देऊ नकोस."

मिनिटभराने वास बदलला. शिजत्या कुळथाचा तो मातकट, भाजका वास, जो मी जन्मात दुसऱ्या कशाचा म्हणून ओळखणार नाही.

"आमसूल," आई म्हणाल्या.

आणि आंबट वाफ आली. मला आली, शिरीषला आली. मी क्लॉडियाला विचारलं. तिला नाव माहीत नव्हतं, पण ती म्हणाली, काहीतरी आंबट, चिंचेसारखं... आता आलं, आधी नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. तिने खिडकी उघडली, आम्ही सगळीकडे फिरलो. शिरीष मेकॅनिकल इंजिनिअर आहे. प्रत्येक खोलीला भिंतीच्या पायथ्याशी वेगळा हीटर आहे, एका खोलीतून दुसरीत हवा नेणारी नळीच त्या घरात नाही, हे त्याने पाहून घेतलं. खालचं स्वयंपाकघर बंद, आचारी तीनला येतो. शेजारच्या खोलीतलं जोडपं दहालाच वाइन चाखायला बाहेर पडलेलं. कॉरिडॉरमध्ये वास होता, पण आमच्या दाराशी सर्वांत जास्त.

मी क्लॉडियाला म्हटलं, आता सांगा, कुठाय माझी हॉटप्लेट? तिने सॉरी म्हटलं नाही. "आय डोन्ट नो व्हॉट टु से," एवढंच म्हणून ती निघून गेली.

रविवारी आई साडेदहापासून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. अकरा दहा झाले, सव्वाअकरा झाले. तोफ दोनदा वाजली. काही आलं नाही. "आज नाही," असं म्हणून त्या चप्पल शोधायला लागल्या.

गाडीत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती सांगायची मला लाज वाटत नाही. मला त्या स्वयंपाक करणाऱ्याचा राग आला होता. दोन वर्षं मी आलं ठेचलं, लिंबाची पानं चुरगळली, कोथिंबीर त्यांच्या नाकाशी धरली... आणि नाक उघडलं ते कुणा भलत्याच्या फोडणीला. ग्रिम्सबीच्या पुढे आल्यावर मी मागे वळून विचारलं, "आई, कुणाच्या हातचं होतं ते? तुमच्या आईच्या?"

"छे. आईच्या घरी लसूण यायचा नाही."

"मग कुणाच्या?"

"तुझ्याच की. लसूण जाळल्याशिवाय तुझी फोडणी होते कुठे?"

शिरीष पुढे बघून गाडी चालवत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

घरी पोचल्यावर मी आधी ओटा गाठला. डबा तिथेच, चिपळूणच्या चिकटपट्टीसकट, न उघडलेला. पुढच्या रविवारी मी त्या पिठाचं पिठलं केलं, वरच्या स्वयंपाकघरात, कोट बाहेर आणि दारं उघडी. आईंना विचारलं, वास येतोय? नाही म्हणाल्या. अजिबात येत नाही. मग वाटी पुढे केली, आणि जेवल्या. तेव्हापासून रोज थोडं थोडं जेवतात. ऑक्टोबरमध्ये काट्यावर साडेएकोणचाळीस भरल्या. नळीचा विषय डॉक्टरांनी बाजूला ठेवला. नर्सने विचारलं, तुम्ही काय बदल केलात? शिरीष माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, भात वाढवला.

हॉटेलला मी तीन ईमेल पाठवल्या. मागणी एकच - चार नंबरच्या खोलीत स्वयंपाक झालेला नाही असं लेखी द्या. उत्तर आलं की खोलीत स्वयंपाकाचा तीव्र वास आढळला, त्याचा उगम समजू शकला नाही, आणि पुढच्या वेळी आम्ही किचनेट असलेली जागा निवडावी असं ते सुचवतात. सुचवतात! तिच्या घशात मिरची गेली होती, माझ्यासमोर.

मेंदू वास तयार करतो, हे मला लिहून पाठवू नका. एका वेळी चार मेंदू, त्यातला एक कुळीथ न खाल्लेला, हे मला पटत नाही. जागेत पूर्वी काय झालं होतं तेही पाहिलं. द्राक्षं होती, त्याआधी पीचची बाग. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. यादीतल्या त्या ओळीसमोर टिक नाही.

आई मात्र बरं वाटायला लागल्यापासून फोनवर सगळ्यांना सांगतात. चिपळूणला भाचीला सांगितलं, मंदिरातल्या बायकांना सांगितलं - हॉटेलवाले नको नको म्हणत होते, तरी मेधाने हट्टाने दोन दिवस पिठलं केलं माझ्यासाठी. मी पहिल्यांदा मध्ये बोलून दुरुस्त केलं. दुसऱ्यांदाही केलं. आता त्या बोलत असताना मी दुसऱ्या खोलीत जाते.