कैलासावर घ्यायचं नाव

पन्नाशीत मी कैलासाला निघाले, तेव्हा सराव म्हणून रोज नेकनूरजवळची टेकडी चढायचे. पाठीवर पाच किलो ज्वारी, पायांत नवे बूट, आणि तोरा तर शिखरापेक्षा उंच!

पलीकडच्या वस्तीवरची एक ऊसतोडीची बाई डोक्यावर सरपण घेऊन, अनवाणी मला मागं टाकायची. माझी धाप ऐकून एकदा थांबली. "काकू, दम सोडत पाऊल टाका. आमी उसाची मोळी घिऊन असंच ट्रकात चढतो."

तिच्यामुळंच यात्रेआधीच्या डॉक्टरांच्या तपासणीत पास झाले. ऐटीत विचारलं, "देवाकडं तुझ्यासाठी काय मागू?"

भारा सावरत ती हळूच म्हणाली, "मागू नगा काई. तितं माझं नाव तेवढं घ्या."

"घेईन की!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिची टोळी कारखान्याला गेली. कैलासाची पिशवी भरताना हात थांबला. महिनाभर मी तिला फक्त माझ्याच यात्रेचं सांगत होते. नाव विचारलंच नव्हतं.