झोळीच्या दोरावरचा कोळी

"भ्या. बिलकुल भ्या. पर हलू नका."

फोटो काढायच्या आधी रंभाजीकाका हे वाक्य म्हणत. कॅमेऱ्यापुढे ताठरलेल्या नवरीला म्हणत, नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेल्या उमेदवाराला म्हणत आणि भिंतीवर बसलेल्या कोळ्यालाही म्हणत. मला ते पहिल्यांदा हे वाक्य म्हणाले तेव्हा मी त्यांच्या घराच्या उंबऱ्यात उभी होते. कडेवर सात महिन्यांची माझी लेक मित्रा होती आणि समोरच्या भिंतीवर माझ्या तळहाताएवढा कोळी होता.

टेंभुर्णीच्या प्राथमिक शाळेत माझी नुकतीच नेमणूक झाली होती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. माझे यजमान औरंगाबादला एका छापखान्यात नोकरीला होते, ते रविवारचे यायचे. खोली शोधत मी गावात आठ दिवस हिंडले. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारलं जायचं आणि मग ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी बौद्धवाड्यात रंभाजीकाकांनी आपल्या माळवदाच्या घरातली मागची खोली दिली. म्हणाले, "खोलीत पयल्यापासून एकजण राहून राह्यलंय, बाई. बोलत न्हाई, पर तरास बी देत न्हाई." मला वाटलं, कुणी म्हातारं माणूस असेल. मग त्यांनी बोट केलं ते भिंतीकडे.

माझी कोळ्याची भीती हा थट्टेचा विषय नव्हता. कोळी दिसला की माझं तोंड कोरडं पडायचं. रोज संध्याकाळी मी गोधडी तीनदा झटकायची, साडी उलटीसुलटी करून बघायची, मित्राला पोटाशी घेऊन भिंतीपासून हातभर लांब निजायची. चौथीच्या पोरींना मी धीटपणाचे धडे शिकवत होते आणि घरी आल्यावर खुंटीवरची पिशवी काठीने काढत होते. पण हे घर सोडलं तर गावात दुसरं घर नव्हतं. त्यामुळे भीती आणि मी, दोघींनी त्याच खोलीत राहायचं ठरलं.

काका लग्नाचे फोटो काढत. दोन भिंगांचा, वरून डोकावायचा जुना कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. लग्नात ते दहाच काढायचे आणि उरलेले दोन कोळ्यांसाठी घरी आणायचे. त्यांच्या बायकोचा, कौसाकाकूंचा, यावर कायमचा राग. "नवरीच्या मामाचा फोटो न्हाई काढला आन् घरी येऊन कोळ्याचा काढला! लोक हसून राह्यलेत ना!" काका शांतपणे म्हणत, "मामा दुसऱ्या लग्नात बी येनार हाय. हे पोरगं उद्या जाळं सोडून गेलं म्हन्जे?" कोळी लहान असो, मोठा असो, त्यांच्या लेखी सगळी पोरंच.

कोळ्याच्या इतक्या जवळ जायचं तर त्या कॅमेऱ्याला काही दिसत नसे. त्यावर काकांनी स्वतःचा तोडगा काढला होता. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिच्या जाडजूड चष्म्याचं एक भिंग ते कॅमेऱ्यापुढे धरत. मग कोळ्यापासून बरोबर अर्ध्या वितीवर कॅमेरा न्यायचा. माप चुकू नये म्हणून गाठ मारलेली सुतळी होती. उजेडासाठी दाराबाहेरच्या उन्हात आरसा धरायचा आणि तो उजेड खोलीत कोळ्यावर पाडायचा. आरसा धरायचं काम काकूंचं होतं. त्यांचा खांदा धरला तेव्हा ते माझ्यावर आलं. नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, ज्यांनी छप्पर दिलं त्यांना नाही कसं म्हणणार? मी आरसा धरायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. काका म्हणायचे, "आरसा डावीकडं... बराबर. आता भ्या, पर हलू नका." ते माझे मिटलेले डोळे बघत असणार, पण कधी बोलले नाहीत.

फोटोतला कोळी मात्र मला चालायचा. काका अंधाऱ्या कोठीत फोटो धुऊन ओलाच आणून दाखवत. एकदा त्यांनी त्या मोठ्या कोळणीचा फोटो दाखवला. पोटाखाली पेढ्याएवढी चपटी पांढरी पिशवी धरून बसली होती. "अंडी हायेत. पंधरा दिवस झाले, खाली ठिवत न्हाई. खात बी न्हाई काई." मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी भिंतीकडे पाठ करून मित्राला पाजलं. वाटलं, जमेल हळूहळू.

आणि मग मित्राच्या मानेवर फोड उठले.

बारीक, पाण्याने भरलेले चार-पाच फोड. घामोळं असेल, असं आज वाटतं. शेजारणींनी बघितलं आणि एकमताने सांगितलं, "कोळी मुतला बाई लेकरावर. दुसरं काई न्हाई. अंगभर पसरतंय ते." माझं उरलंसुरलं धैर्य तिथेच संपलं. काकांना सांगितलं तर ते हसतील, नाहीतर वाईट वाटून घेतील. मी कुणालाच काही बोलले नाही. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांकडून कापसावर किडीसाठी धुरळायची पांढरी पावडर वाटीभर मागून आणली. काका-काकू शेतावर गेलेले बघून डब्यावर चढले आणि खोलीच्या तुळईवर, फटींमध्ये, कोपऱ्यांत ती भुरभुरवली. चुन्याने पोतारलेल्या खोलीत पांढरी पावडर दिसते कुठे? त्याच तुळईला मित्राची झोळी बांधलेली होती, माझ्या जुन्या निळ्या साडीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला आरसा धरायला बोलावलं. कोळीण झोळीच्या दोरावर उतरली होती. मी नेहमीसारखे डोळे मिटले. काका पुटपुटले, "ही अशी पाय वढत का चालून राह्यली?" त्यांनी फोटो काढला. खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं.

तीन दिवस मित्रा किरकिरत होती. ती रडली की मी झोळी जोरात हलवायची. ती आणखी रडली की आणखी जोरात. चौथ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली, तोंडातून लाळ गळायला लागली आणि हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. तिचे डोळे वर गेले. ते डोळे मी अजून विसरलेले नाही.

मी किंचाळत अंगणात आले. काकांच्या तोंडावर ओरडले, "तुमच्या कोळ्यांनी माझी पोर खाल्ली! तुमच्या शौकापायी!" कौसाकाकू धावत डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? मी सांगितलं, कोळी. त्यांनी इंजेक्शन दिलं, पण त्यांच्याही चेहऱ्यावर खात्री नव्हती. आणि या सगळ्यात रंभाजीकाका खोलीत जाऊन आले, जमिनीवर काहीतरी शोधून आले आणि कोठीत शिरून त्यांनी दार लावून घेतलं. माझी पोर मरते आहे आणि हा माणूस फोटो धुतो आहे! त्या अर्ध्या तासात मी त्यांना मनातल्या मनात जे शाप दिले ते मला लिहवत नाहीत.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ओला फोटो होता. त्यांनी मला बाजूला, रांजणाजवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला.

"खोलीतले समदे कोळी मरून पडलेत, बाई. मेलेलं काय चावंल? हे बघा."

फोटोत ती कोळीण होती. तिच्या काळ्या पाठीवर, पायांवर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर होता. तोच थर दोरावर होता, गाठीवर होता आणि खाली, निळ्या साडीच्या झोळीच्या काठावर होता. मी डोळे मिटून धरलेल्या आरशाच्या उजेडात हे सगळं माझ्यासमोर लख्ख दिसत होतं. झोळीच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी तुळई हादरत होती आणि पावडर माझ्या लेकरावर गळत होती. मीच हलवत होते.

"हे पांढरं काय हाय, बाई?"

मास्तरणीने स्वतःच्या पोरीला विष घातलं, असं गाव म्हणेल. नोकरी जाईल. यजमान काय म्हणतील? काका माझ्याकडे बघत होते. "भ्या," ते म्हणाले, "पर बोला. जल्दी बोला. डाक्टरला सांगावंच लागंल. दुसऱ्या कुनाला मी सांगनार न्हाई."

मी बोलले. डॉक्टरांनी तत्काळ मित्राचे कपडे काढायला लावले, साबणाने तिचं सगळं अंग धुतलं, कुणाची तरी जीप मिळवून आम्हाला जालन्याला पाठवलं. काका वाटभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात माझा पदर ओढला आणि मी तिथेच भुईवर बसून रडले.

परत आले तेव्हा गावात बातमी पक्की झालेली होती: फोटोवाल्याचा कोळी बाईंच्या लेकराला चावला. मी काकांकडे पाहिलं. ते पारावरच्या माणसांना सांगत होते, "व्हय, माझ्याच घरातला व्हता. चूक माझी हाय." कौसाकाकूंनी घराचा कोपरान् कोपरा झाडून काढला होता, खोली पाण्याने धुतली होती. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, आम्हाला माफी करा." काकांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. हो, मी माफ केलं त्यांना! माझ्या आयुष्यात याहून हलकं काम मी केलेलं नाही.

त्यानंतर बायाबापड्या पोरं घेऊन काकांच्या अंगणात फोटोला येईनाशा झाल्या. त्यांना फोटोमागे लावायचा पडदा खांद्यावर टाकून बाजाराच्या दिवशी बाहेर बसावं लागे. कोळ्यांचे फोटो त्यांनी बंद केले. लग्नाच्या रोलमधले बाराही फोटो आता लग्नातच संपत, मामाचाही निघे. रागावायला काही उरलं नाही म्हणून काकू उगाच पातेल्यांवर आदळआपट करत.

दीड वर्षाने माझी बदली झाली. निघताना काकांनी कागदात गुंडाळलेली निगेटिव्ह माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडंच राहू द्या. इथं राह्यली तर उद्या कुनीतरी इचारंल." ते निर्दोष असल्याचा तेवढा एकच पुरावा होता आणि तो त्यांनी मलाच देऊन टाकला.

काका गेले तेव्हा मी शोकसभेला गेले होते. एक म्हातारे गृहस्थ उठून चांगलं बोलले. पंचशीलावर नुसती श्रद्धा नव्हती, माणूस तसा जगला, असं म्हणाले. मग शेवटी म्हणाले, "एक तेवढा कोळ्याचा नाद वाईट. एका मास्तरीनबाईचं लेकरू वाचलं नशिबानं." दोन-चार डोकी हलली. निगेटिव्ह माझ्या पर्समध्ये होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी भ्याले आणि हललेही नाही.

आज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कोळी आहे. मी त्याच्यापासून हातभर लांब उभी राहते, अजूनही तोंड कोरडं पडतं, पण डोळे उघडे ठेवते. त्या निगेटिव्हचा फोटो काल मोठा करून आणला. मित्रा रविवारी येईल. ती लहानपणापासून आपल्या मैत्रिणींना, आता स्वतःच्या मुलांना, रंगवून सांगते की मी तान्ही असताना मला भला मोठा विषारी कोळी चावला होता.

मित्रा, तुला कोळी चावला नव्हता.