दुपारच्या पाळीतला आवाज

शालू, अमरावतीच्या स्टेशनावर तू मला सोडायला आली नव्हतीस. धाकटी म्हणून तुला शाळेत धाडले होते. बडनेऱ्याच्या गाडीत संत्र्यांच्या करंड्या चढत होत्या आणि तो कडवट-गोड दर्प आईच्या पदरालाही लागला होता. दशम्यांचे फडके माझ्या हाती देऊन ती खिडकीशी वाकली. "कोणाले काही सांगू नको, माय. विचारलं तं म्हण, नोकरीसाठी आली." दादा, वडील असून, आमच्याकडे पाठ करून गाड्यांचे वेळापत्रक वाचत होते.

आता तू मोठी आहेस, म्हणून लिहिते. दादांच्या ज्या स्नेह्यांनी मला वृत्तांचे गण पाडायला शिकवले, त्यांनीच, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, तुम्ही सारे कौंडण्यपूरच्या यात्रेला गेला होता त्या दिवशी, माझ्यावर बळजबरी केली. मी आईला सांगितले. घर मी सोडले. त्यांचा चहा आपल्या ओसरीवर जातच राहिला.

अकोल्यात मावशीकडे राहिले आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. कोणी फोनची दांडी फिरवली की आमच्या बोर्डावर त्या क्रमांकाची बारीक झडप पडे. आम्ही "नंबर?" विचारायचे, तार जोडायची आणि कान काढून घ्यायचा. कानावर पडलेले ओठांवर आणायचे नाही, हा तिथला कायदा. आईचीच शिकवण, फक्त पगारी.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी झडप पडली. कानावरचे काळे यंत्र तापून कातडीला चिकटले होते.

"नंबर?"

"नंबर नको मले. तिकडं कोनी बाई हाये का, पाहून राहिली."

"आहे. बोला."

"नाव नका इचारू."

मी विचारले नाही. पण झडपेवरचा क्रमांक समोर होता, आणि त्या घराच्या मालकाला अर्धे अकोला वाकून नमस्कार करी. ती त्या घरची धाकटी सून. दुपारी घर निजले की तिचे मोठे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, तिच्या खोलीत येत. सासू म्हणे, तूच नीट राहत नसशील. हे सारे तिने तुकड्या-तुकड्यांनी, अनेक दुपारी सांगितले. मध्ये केवळ तिचा श्वास ऐकू येई.

"काय वं, कविता ऐकून राहिली का लाइनीवर?" शेजारच्या खुर्चीवरची कुसुम टोचायची. मी हसण्यावारी नेई.

"तुमी कोनाले सांगनार नाही ना?" ती पुनःपुन्हा विचारी. मी शब्द दिला होता. मग एकदा तिने विचारले, "तुमाले कसं समजते हे सारं?" तेव्हा जी गोष्ट मी आईनंतर कोणापुढे उच्चारली नव्हती, ती त्या न पाहिलेल्या बाईला सांगितली.

ती म्हणाली, "मंग निंगून आल्यावर बरं वाटलं?"

"नाही. पण इथे तो दाराशी येत नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

"येवढंच लय हाये, बाई."

मी मावशीचा पत्ता सांगितला. सोमवारी देवळाच्या निमित्ताने लेकराला घेऊन येतो, म्हणाली. मी रजा काढली, दाराशी पाण्याची घागर भरून ठेवली, आणि दिवे लागेपर्यंत उंबऱ्यावर बसले. कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच क्रमांकाची झडप पडली. पुरुषाचा मऊ, अदबशीर आवाज. "दुपारी आमच्या घरचा फोन कोण घेतं तिथे?"

"ड्यूट्या बदलत असतात, साहेब."

त्यानंतर फोन पुढच्या बैठकीत गेला, म्हणे कुलपाच्या पेटीत. आता तिथून केवळ कापसाचे भाव विचारले जातात. पोलिस ठाण्याची तार मी एकदा उचलली होती. पण तिथले साहेब त्याच घरी जेवायला जात, आणि बोभाटा झाला तर तो तिच्याच अंगावर येणार होता. शिवाय शब्द दिला होता. तार जागेवर ठेवली.

उन्हाळे गेले. मी अजूनही दुपारची पाळी मागून घेते.

तू विचारतेस, अकोल्यात घर झाले का. खोली आहे, चूल आहे, खिडकीत ओली वस्त्रे वाळतात. पण घर मी ज्याला म्हटले असते, तिथे ती बाई लेकराचे बोट धरून पोचली असती. ती पोचली नाही, शालू. मीही नाही.