मागच्या सीटवर मिलिंद

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो, कारण या प्रवासाला दुसरं कारण नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या रस्त्यावर मी मोटरसायकलवरून पडलो आणि पाय मोडून घेतला. एका जीपवाल्याशी वेगाची पैज लागली होती. गाडी आणखी पळावी म्हणून मागचं दातेरी चक्र मी स्वतःच बदललं आणि चेनचं लॉक उलटं बसवलं. लॉकच्या पत्तीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवायचं असतं. मी उघडं ठेवलं. भरधाव वेगात पत्ती उडाली, चेन सुटून चाकात अडकली. दवाखान्यात वडिलांनी विचारलं, "चेन कुणी बसवली?" मी म्हणालो, "मिलिंदनं."

मिलिंद माझा जिवलग मित्र आणि गावातला मिस्त्री. त्या गाडीचं इंजिन आम्ही दोघांनी मिळून कितीदा खोललं होतं, मोठा कार्बोरेटर बसवला होता, सायलेन्सर आतून रिकामा केला होता. कुबड्या घेऊन जीपस्टँडवरच्या हॉटेलात बसलो की लोक अपघाताचं विचारायचे आणि मी तेच सांगायचो. आधी घाबरून, पुढे सवयीनं. भीमनगरातल्या पोराचं दुकान बंद पडायला गावाला तेवढं पुरलं. तो वारंगा फाट्याला गेला, मी नोकरीनिमित्त लातूरला.

यंदा मार्चमध्ये तीच जुनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि पहाटे लातूर सोडलं. नांदेड मागे पडलं तशी शेतं पिवळी दिसू लागली. शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि कढयांची वाफ रस्त्यापर्यंत येत होती. त्या वासानं ऊर भरून आला. असा वास घेत आम्ही दोघं काही काम नसताना मैलोन् मैल फिरलेलो आहोत.

वारंगा फाट्यावर ट्रकांच्या रांगेपलीकडे त्याचं दुकान सापडलं. तो पाठमोरा बसून एक इंजिन खोलत होता. मी गाडी बंद करण्याआधीच, मागे न बघता म्हणाला, "कार्बोरेटर अजून मी बसवलेलाच हाय का रे तिच्यात?"

"तोच आहे."

"मग पेट्रोल पिऊन राहिली असंल म्हशीवानी."

केस पांढरे झाले होते, पण जीभ तशीच होती. शेजारच्या टपरीवर मिरचीची भजी आणि चहा आला. भजी निवली तरी माझी सुरुवात होईना. शेवटी एका दमात सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग खो खो हसला.

"मी बसवली न्हाई हे मला ठाऊक न्हाई का? मला काहून सांगून राहिला येड्या? जिथं बोलला तिथं जाऊन सांग."

"तू येशील?"

"येतो की. बघू दे, तुझ्या तोंडून निघतं का ते."

त्यानं शटर ओढलं आणि मागच्या सीटवर बसला. कळमनुरीच्या अलीकडे वळण आलं तेव्हा तो माझ्याआधी झुकला, पूर्वी झुकायचा तसाच. इतक्या वर्षांत माझ्या मागे पुष्कळ जण बसले; गाडीबरोबर असं कुणी झुकलं नाही.

हिंगोलीच्या अलीकडे गाडी फटफट करून बंद पडली. प्लग तेलानं काळा झाला होता. त्यानं तो पॅन्टला पुसून पॉलिश पेपरनं घासला. "ऑइल किती टाकलं रे? तळण काढायचं होतं का?" मी हसलो. हिंगोलीत हळदीच्या पोत्यांनी लादलेल्या गाड्यांमधून वाट काढत असताना तो कानाशी ओरडून जुनी नावं, जुन्या गाड्या आठवत होता. गोरेगाव जवळ येत होतं आणि माझ्या हातून ॲक्सिलरेटर सैल होत होता. रस्ता थोडा आणखी लांबावा असं वाटत होतं. गावात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, तर तो परत या सीटवर बसणार नव्हता.

जीपस्टँडवर ते हॉटेल अजून होतं, आणि गल्ल्यावर त्याचे मालक, म्हातारे उत्तमरावही होते.

"सुधाकरराव! पाय बराबर हाय ना?" मग त्यांची नजर मिलिंदवर गेली. "ह्याला संगं घेऊन फिरून राहिले तुमी? ह्यानं तर मारलं असतं तुमाला!" बाकड्यावरच्या दोघांकडे वळून ते म्हणाले, "चेन उलटी बसवली होती ह्यानं. दोस्ताचीच गाडी, तरी ध्यान न्हाई दिलं."

बाकड्यावरचे हसले. ते शेवटचं वाक्य माझंच होतं, शब्द न शब्द. मी निघून गेलो होतो, ते इथंच राहून मिलिंदला बोलत होतं. मिलिंद तांब्यातलं पाणी ग्लासात ओतत राहिला.

मी उभाच राहिलो. "उत्तमराव, ती चेन मी बसवली होती. मिलिंदचा हातही तिला लागला नव्हता. मी खोटं बोललो होतो, याच हॉटेलात बसून."

हसणं थांबलं. उत्तमरावांनी विचारलं, "काहून बोलले मग तसं?"

"वडिलांच्या भीतीनं. आणि तुम्ही सगळ्यांनी लगेच खरं मानलं म्हणून."

उत्तमराव खाली बघू लागले. मी मिलिंदकडे वळलो. आवाज बाकड्यापर्यंत पोहोचेल एवढा काढला.

"मिलिंद, तुझं दुकान माझ्यामुळं गेलं, गावही माझ्यामुळं सुटलं. मला माफ कर."