पाटीवरची शेवटची ओळ

टर्पेंटाइनचा वास आला की मला कन्हान नदीवरचा स्मशानघाट आठवतो. तेव्हा शहरातल्या सदर भागात माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं, आणि त्या घाटावर ज्यांचं दहन झालं अशा मान्यवरांची पाटी घाटाच्या समितीनं मला रंगवायला दिली होती. एप्रिलच्या उन्हात पत्रा हाताला चटके देत होता, बाजूला कालची राख अजून धुमसत होती. यादी संपली आणि खाली एका ओळीची जागा उरली. या सगळ्यांच्या चिता ज्यानं रचल्या, तो लाकूडवाला महिन्यापूर्वीच गेला होता. त्यालाही तिथंच अग्नी दिला होता. मी त्याचं नाव लिहिलं. अध्यक्ष तणतणत आले, "याचं नाव काहून लिहिलं गा?" मी म्हटलं, "तुमच्या साऱ्या मान्यवरायले यानंच निजवलं, साहेब." "पुसून टाक!" मी टर्पेंटाइनची चिंधी त्यांच्यापुढे धरली. "घ्या, तुमच्या हातानं पुसा." मेलेल्या माणसाचं नाव पुसायला त्यांचा हात काही पुढं आला नाही, आणि चिंधी माझ्याच हातात वाळली. आता दुकान नाही, पण दर उन्हाळ्यात मी डबा घेऊन घाटावर जातो आणि तेवढी एकच ओळ रंगवून येतो. वरची नावं उडत चालली आहेत. त्यांचं त्यांची समिती बघेल.